पावसानंतर ओढ्यातला जंगली ट्राउट: पेनसिल्वेनियात स्पिनरने मासेमारी करणाऱ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पेनसिल्वेनियाच्या उत्तर-मध्य भागात पाइन क्रीक, केटल क्रीक आणि सिनेमाहोनिंग या प्रवाहांना मिळणारे शेकडो लहान ओढे आहेत. त्यांतील बरेचसे सरकारी जंगलातून वाहतात, उडी मारून ओलांडता येतील इतके अरुंद आहेत आणि त्यांत ट्राउट आपोआप जन्मतो व वाढतो. मी अनेक वर्षे या ओढ्यांवर हलका रॉड आणि स्पिनर, म्हणजे पाण्यात गरगर फिरणाऱ्या धातूच्या पात्याचे आमिष, घेऊन जात आलो आहे. फिलाडेल्फिया, पिट्सबर्ग आणि न्यू जर्सीकडील मराठी मंडळी याविषयी जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात, ते येथे उत्तरांसह एकत्र केले आहेत. मासेमारीचे नियम दरवर्षी बदलू शकतात, म्हणून येथे दिलेली नियमांची माहिती निघण्यापूर्वी राज्याच्या फिश अँड बोट कमिशनच्या चालू वर्षाच्या पुस्तिकेशी ताडून पाहावी.

१. जंगली ट्राउट म्हणजे नेमका कोणता? आम्ही एप्रिलमध्ये पकडतो तो वेगळा असतो का?

एप्रिलमध्ये रस्त्यालगतच्या मोठ्या ओढ्यांत जो मासा बहुतेकांना मिळतो, तो सरकारी मत्स्यकेंद्रात वाढवून टाकीच्या गाडीने आणून सोडलेला असतो. जंगली ट्राउट त्या ओढ्याच्याच खड्यांत अंड्यातून बाहेर आलेला असतो. डोंगरातल्या ओढ्यांत तो मुख्यतः दोन जातींचा असतो. ब्रुक ट्राउट हा येथील मूळ रहिवासी आहे आणि १९७० पासून तो राज्याचा अधिकृत मासा आहे. ज्या हेमलॉक वृक्षाच्या सावलीत तो जगतो, त्या वृक्षालाही त्याआधी, १९३१ मध्ये, राज्यवृक्षाचा मान मिळाला होता, ही गोष्ट मला फार समर्पक वाटते. ब्राउन ट्राउट मात्र युरोपातला आहे. त्याची अंडी १८८३ मध्ये जर्मनीहून न्यूयॉर्क राज्यात आली आणि तेथून पुढे तो देशभर पसरला.

ओळखण्याची खूण सोपी आहे. ब्रुकच्या गडद अंगावर फिकट ठिपके, पाठीवर किड्यांनी लाकूड कोरावे तशी नागमोडी नक्षी, कुशीवर निळ्या वलयातले लाल ठिपके आणि पोटाकडील परांना पांढरीशुभ्र कड असते. ब्राउनच्या पिवळसर अंगावर काळे व तांबडे ठिपके असतात. सोडलेल्या माशाचे पर सिमेंटच्या टाक्यांत घासून झिजलेले असतात, तर जंगली माशाचे पर अखंड आणि धारदार दिसतात. आकाराची अपेक्षा मात्र माफक ठेवावी, कारण लहान ओढ्यातला ब्रुक साधारण ५ ते ८ इंचांचा असतो आणि १० इंचांचा मासा दिसला तर तो दिवस लक्षात राहतो.

२. पावसानंतरच जावे असे का म्हणतात? कोरड्या, स्वच्छ दिवशी मासे दिसतात, पण एकही गळाला लागत नाही.

तुमच्या प्रश्नातच उत्तर आहे. मासे तुम्हाला दिसतात, तेव्हा त्यांनी तुम्हाला त्याआधीच पाहिलेले असते. जून-जुलैत ओढा आटून काचेसारखा नितळ होतो. डोहात घोटाभर पाणी उरते, आणि वरून किंगफिशर, काठावरून मिंक व रॅकून टपलेले असल्यामुळे मासा दिवसभर दगडाखाली राहतो. पाऊस पडला की तीन गोष्टी एकदम बदलतात. पाण्याला चहासारखा रंग येतो आणि माशाला आडोसा मिळतो. पृष्ठभाग खळबळल्यामुळे पावलांची चाहूल आणि तंगूस (गळाचा दोरा) दोन्ही लपतात. काठावरची गांडुळे, मुंग्या, टोळ आणि अळ्या धुऊन पाण्यात येतात, त्यामुळे जो मासा आठवडाभर उपाशीपोटी लपून होता तो उघड्यावर येऊन खाऊ लागतो. स्पिनरसारखे झटकन जवळून जाणारे आमिष अशा वेळी त्याला पारखून पाहायला सवड देत नाही, आणि म्हणूनच हे साधन या पाण्याला विशेष साजते.

३. आमच्या कोकणात पहिल्या पावसाला वलगणीचे मासे चढतात. हे तसेच आहे का?

दिसायला सारखे, पण कारण वेगळे. वलगणीचा मासा अंडी घालण्यासाठी पऱ्यातून शेतात चढतो, आणि त्याला तो इशारा मृगाच्या पावसाने मिळतो. ट्राउट अंडी घालतो ती शरद ऋतूत, थंड पाण्यात. उन्हाळी पावसानंतर त्याची जी हालचाल होते, ती अन्नासाठी आणि काही वेळा थंड पाण्याच्या शोधात असते. चढणीच्या माशाशी खरे साम्य पाहायचे असेल, तर ते ऑक्टोबरच्या पावसात दिसते, पण तेव्हा मासेमारीपेक्षा संयमाची गरज अधिक असते. त्याविषयी प्रश्न १७ पाहावा.

४. पाऊस थांबल्यावर किती वेळाने पोहोचावे?

मला येणाऱ्या पत्रांत हा प्रश्न सर्वांत जास्त वेळा असतो, आणि बहुतेक निराशा याच ठिकाणी होते. लोक पाऊस पाहून निघतात. पाहायचे असते ते पाणी.

ओढा चढत असताना पहिली काही मिनिटे मासा जोरात खातो, हे खरे आहे. मात्र पाणी जोमाने वाढू लागले, त्यात पाने-काटक्या वाहू लागल्या आणि रंग दुधाळ तपकिरी झाला, की मासा तळाशी किंवा काठाच्या कपारीत दबून बसतो. त्याला समोरचेही दिसत नाही, आणि स्पिनरच्या गळाला प्रत्येक फेकीत एक पान अडकते. खरी वेळ येते ती पाणी उतरू लागल्यावर, रंग निवळू लागल्यावर आणि तरीही पातळी नेहमीपेक्षा थोडी वर असताना. माझी कसोटी अशी आहे की गुडघाभर पाण्यात उभे राहून बुटाचे टोक अंधुक दिसले पाहिजे. अजिबात दिसत नसेल तर थांबावे किंवा वरच्या अंगाला जावे. लेस मोजता येण्याइतके स्पष्ट दिसत असेल, तर पर्वणी टळली असे समजून पुन्हा वाकून, दबकत चालायची तयारी ठेवावी.

तासांत सांगायचे झाले, तर दोन-तीन मीटर रुंदीचा, पूर्ण जंगलातून येणारा ओढा जोरदार सरीनंतर काही तासांतच निवळतो. सायंकाळी वादळ झाले, तर दुसऱ्या दिवशीची सकाळ उत्तम. तोच ओढा ज्या मध्यम प्रवाहाला मिळतो, त्याला एक ते दोन दिवस लागतात. पाइन क्रीकसारख्या मोठ्या प्रवाहाला त्याहूनही अधिक. म्हणून एकाच पावसाचा लाभ तीन दिवस घेता येतो: पहिल्या दिवशी अगदी उगमाकडे, दुसऱ्या दिवशी मधल्या टप्प्यात, तिसऱ्या दिवशी खाली. वेळ चुकली असे वाटून घरी परतणाऱ्यांना मी नेहमी सांगतो की गाडी वळवा, पण घराकडे नको, डोंगराकडे वळवा. मुख्य ओढा गढूळ असताना त्याची एखादी वरची शाखा बहुधा निवळलेली सापडते.

५. किती पाऊस पुरेसा असतो?

ठराविक आकडा नाही, कारण जमिनीची तहान प्रत्येक वेळी वेगळी असते. ऑगस्टमध्ये तीन आठवडे कोरडे गेले असतील, तर अर्धा इंच पाऊस झाडांची पाने आणि जंगलातला पालापाचोळा पिऊन टाकतो, आणि ओढ्याला त्याचा पत्ताही लागत नाही. मे महिन्यात जमीन भिजलेली असेल, तर पाव इंचानेही पाणी चढते. पाण्याचा रंग खोऱ्यावर अवलंबून असतो. जंगलातून येणारे पाणी चहासारखे पारदर्शक तपकिरी होते. शेतांतून येणारे पाणी माती आणते आणि दीर्घकाळ गढूळ राहते. मध्य पेनसिल्वेनियातील चुनखडीच्या झऱ्यांवर पोसलेले पेन्स क्रीक किंवा स्प्रिंग क्रीक यांसारखे प्रवाह जमिनीखालच्या साठ्यावर चालतात, त्यामुळे कोरड्या दिवसांतही ते आटत नाहीत आणि पावसाची वाट पाहण्याची तेथे तितकी गरज नसते. ही प्रश्नोत्तरे डोंगरी, दगडगोट्यांच्या ओढ्यांविषयी आहेत.

६. या लहान ओढ्यांवर पाणी मोजण्याचे यंत्र नसते. मग अडीच तास गाडी चालवण्यापूर्वी स्थिती कशी कळणार?

थेट कळत नाही, पण अंदाज चांगला बांधता येतो. अमेरिकी भूगर्भ सर्वेक्षण विभाग मोठ्या प्रवाहांची पातळी आणि विसर्ग घनफूट प्रति सेकंदात थोड्या-थोड्या वेळाने इंटरनेटवर दाखवतो. ज्या खोऱ्यात जायचे आहे, तेथील सर्वांत जवळच्या मापकाचा आलेख पाहावा. त्यातला आकडा लहान ओढ्याला लागू पडत नाही, परंतु आलेखाचा आकार लागू पडतो. रेष अजून उभी चढत असेल, तर वरचे ओढे नुकतेच उतरू लागले असतील. रेष शिखर गाठून खाली वळली असेल, तर वरचे ओढे बहुधा निवळलेले असतात. याच्या जोडीला पावसाचा रडार नकाशा पाहावा, कारण उन्हाळी वादळ एका डोंगरावर कोसळते आणि शेजारच्या खोऱ्यात थेंबही पडत नाही. मी प्रत्येक फेरीनंतर वहीत तारीख, जवळच्या मापकाचा आकडा आणि ओढ्याचा रंग लिहून ठेवतो. दोन-तीन हंगामांत त्या वहीतून जे समजते, ते कोणत्याही तक्त्यातून समजत नाही.

७. रॉड, रीळ आणि तंगूस कोणते घ्यावे?

पाच ते साडेपाच फुटांचा, सर्वांत हलक्या वर्गातला रॉड, १००० आकाराचे किंवा त्याहून लहान स्पिनिंग रीळ आणि ४ पौंडांचे साधे नायलॉनचे तंगूस पुरे. लांब रॉड फांद्यांत अडकतो. विणलेला दोर बारीक आणि बळकट असला, तरी तो लहान माशाचा ओठ फाडू शकतो आणि झाडात अडकला तर सोडवणे कठीण जाते, म्हणून मी या ओढ्यांवर तो वापरत नाही. स्पिनर फिरल्यामुळे तंगूसला पीळ पडतो, त्यासाठी अगदी लहान आकाराचा भोवरकडा लावावा आणि दिवसातून एकदा-दोनदा तंगूस आमिषाशिवाय प्रवाहात सोडून पीळ काढून टाकावा. ध्रुवित चष्मा आणि मळकट रंगाचे कपडे यांवर केलेला खर्च महागड्या रॉडपेक्षा अधिक उपयोगी पडतो.

८. स्पिनर कोणत्या आकाराचा आणि रंगाचा?

मेप्स कंपनीचा ० किंवा १ क्रमांकाचा, अथवा पँथर मार्टिन कंपनीचा त्याच तोलाचा, म्हणजे एक सोळांश ते एक अष्टमांश औंसाचा, साधारण २ ते साडेतीन ग्रॅम. पाणी चढे असेल तर जड, उतरलेले असेल तर हलका. रंगाबाबत माझे मत असे की चहासारख्या पाण्यात सोनेरी पाते सर्वांत चांगले, फार गडद पाण्यात काळे अंग आणि पिवळे ठिपके, आणि निवळलेल्या पाण्यात चांदीचा रंग. रंगापेक्षा पाते लगेच फिरू लागणे अधिक महत्त्वाचे आहे. गढूळ पाण्यात मासा पात्याची थरथर अंगावरच्या पार्श्वरेषेने ओळखतो आणि मगच त्याकडे वळतो. पाण्यात पडल्यावर एका हाताच्या अंतरात पाते फिरू लागले नाही, तर तो स्पिनर बाजूला ठेवावा.

९. प्रवाहाच्या वरच्या दिशेने फेकायचा की खालच्या?

वरच्या दिशेने, जवळजवळ नेहमीच. ट्राउट प्रवाहाकडे तोंड करून उभा असतो, म्हणून खालच्या बाजूने वर चालत गेल्यास आपण त्याच्या पाठीमागून येतो. आपल्या पावलांनी उठलेला गाळही मागेच वाहून जातो. शिवाय वरून खाली खेचलेला स्पिनर माशाच्या नैसर्गिक अपेक्षेनुसार, प्रवाहाबरोबर येतो.

येथे नवशिक्यांची एक अडचण ठरलेली असते. प्रवाहाबरोबर येणाऱ्या स्पिनरचे पाते फिरण्यासाठी तो पाण्यापेक्षा किंचित वेगाने यावा लागतो, आणि फार वेगाने आला तर पृष्ठभागावर उडतो. तो पाण्यात पडण्यापूर्वीच बोटाने तंगूस रोखावे, रिळाची कमान हाताने बंद करावी आणि आमिष टेकताच गुंडाळायला सुरुवात करावी. रॉडच्या टोकात पात्याची बारीक थरथर सतत जाणवली पाहिजे. ती थांबली तर वेग वाढवावा, आणि ती अचानक जड झाली तर मनगट हलकेच उचलावे.

एका डोहाला तीन-चार फेकी पुरेत. पहिली फेक डोहाच्या शेपटाला, म्हणजे जेथे पाणी उथळ होऊन पुढे ओसंडते तेथे करावी, कारण पावसानंतर भुकेला मासा तिथवर खाली उतरलेला असतो. घाईघाईत डोहाच्या डोक्याकडे फेकले, तर शेपटातला मासा पळत जाऊन सगळ्यांना सावध करतो. पहिल्याच फेकीत मासा मागे येऊन परतला, तर पुन्हा पुन्हा तेथेच फेकू नये. पुढे जावे आणि परतताना पुन्हा एकदा प्रयत्न करावा.

खालच्या दिशेने फेकावे लागते ते क्वचित, म्हणजे आडव्या पडलेल्या ओंडक्याखालून स्पिनर सोडायचा असेल तेव्हा. तेथे आमिष प्रवाहात एकाच जागी धरून ठेवता येते.

१०. पाणी वाढलेले असताना मासा कोठे शोधावा?

नेहमीच्या जागा सोडून द्याव्यात. एरवी ज्या मधल्या धारेत मासा असतो, तेथे आता फार जोर असतो आणि तो तेथे शक्ती खर्च करत नाही. मोठ्या धोंड्यामागचे शांत पाणी, काठाखाली कोरलेली पोकळी, मुळांचा गुंता, आणि एरवी कोरड्या असलेल्या काठावर नुकतेच पसरलेले वीतभर पाणी, ही सध्याची ठिकाणे होत. शेवटच्या जागेवर कोणाचाच विश्वास बसत नाही, आणि बहुतेक जण त्याच पाण्यातून चालत जाऊन मासे उठवतात. दुसरी हमखास जागा म्हणजे गढूळ ओढ्याला स्वच्छ शाखा जेथे मिळते ती रेघ. दोन रंगांच्या सीमेवर, स्वच्छ बाजूला स्पिनर आणावा.

११. ऱ्होडोडेंड्रॉनची झाडी दोन्ही काठांवर इतकी दाट आहे की रॉड उचलताच येत नाही. काय करावे?

डोक्यावरून फेकण्याचा विचार सोडावा. रॉड पाण्याला समांतर धरून, टोकापासून फूटभर खाली लोंबणारा स्पिनर झोपाळ्यासारखा हलवून पुढे सोडावा. यासाठी ताकद लागत नाही, तंगूस सोडण्याची वेळ साधावी लागते, आणि ती घरामागच्या गवतात सराव करून साधता येते. स्पिनर हातात धरून, रॉड धनुष्यासारखा वाकवून सोडण्याची पद्धतही आहे, पण गळ बोटात रुतण्याचा धोका असल्यामुळे ती केवळ एकेरी गळ असेल तरच आणि त्याची वाटी, म्हणजे वाकलेला भाग, मागून धरूनच वापरावी. जेथे कोणतीच फेक शक्य नाही, ती जागा माशासाठी सोडून द्यावी.

१२. परवाना कोणाला लागतो? हंगाम आणि मर्यादा काय आहेत?

सोळा वर्षे आणि त्यावरील प्रत्येकाला मासेमारीचा परवाना लागतो, आणि ट्राउटसाठी त्याबरोबर वेगळे ट्राउट परमिट घ्यावे लागते, मासा सोडून देणार असलात तरीही. भेटीला आलेल्या आईवडिलांनी रॉड हातात घेतला, तर त्यांनाही हा नियम लागू होतो. पर्यटकांसाठी कमी दिवसांचे परवाने मिळतात. नियमित हंगाम एप्रिलच्या पहिल्या शनिवारी सकाळी ८ वाजता सुरू होतो आणि सप्टेंबरच्या सुरुवातीच्या लेबर डेपर्यंत चालतो. या काळात किमान ७ इंचांचे, दिवसाला ५ मासे ठेवता येतात. हंगामाबाहेर, मासे न सोडलेल्या जंगली ओढ्यांवर केवळ पकडून सोडण्याची मुभा असते. जेथे मासे सोडले जातात, ते प्रवाह फेब्रुवारीच्या उत्तरार्धापासून हंगाम उघडेपर्यंत बंद असतात. विशेष नियमांच्या टप्प्यांसाठी पुढचा प्रश्न पाहावा.

१३. नियमात बसणारा स्पिनर असूनही कोठे वापरता येत नाही? आणि झाडांवर जांभळे पट्टे कसले?

काही टप्पे केवळ फ्लाय फिशिंगसाठी, म्हणजे कृत्रिम माशीने करायच्या मासेमारीसाठी, राखलेले असतात. तेथे स्पिनर चालत नाही, मग तो कितीही लहान असो. ज्या टप्प्यांवर केवळ कृत्रिम आमिषाला परवानगी आहे, तेथे स्पिनर चालतो, पण त्याला गांडूळ लावले तर तो नियमभंग होतो. पाटी प्रत्येक टप्प्याच्या सुरुवातीला असते. ती वाचल्याशिवाय पाण्यात उतरू नये.

जांभळा रंग म्हणजे खासगी जागा, प्रवेश बंद. पेनसिल्वेनियात २०२० पासून फिलाडेल्फिया आणि ॲलिघेनी काउंटी वगळता अन्यत्र झाडावरचा जांभळा पट्टा हा पाटीइतकाच कायदेशीर मानला जातो. जागा खासगी असेल, तर घराचे दार वाजवून विचारावे. नम्रपणे विचारल्यावर मला बहुतेक वेळा होकार मिळाला आहे, आणि नकार मिळाला तेव्हा आभार मानून निघालो आहे, कारण एका माणसाच्या वागण्यामुळे पुढच्या दहा जणांसाठी जागा बंद होते.

१४. जुलैत पाणी गरम असते. वादळी पावसाने ते थंड होते ना? मग जायला हरकत काय?

नेहमीच थंड होते असे नाही. सावलीच्या जंगलातला ओढा पावसाने थंडावतो. परंतु तापलेल्या डांबरी रस्त्यांवरून आणि वाहनतळांवरून वाहून आलेले पाणी ओढ्याला उलट गरम करते. म्हणून पाच-दहा डॉलरचा थर्मामीटर जवळ ठेवावा. ट्राउटला साधारण १० ते १६ अंश सेल्सिअस पाणी मानवते. २० अंशांवर, म्हणजे ६८ अंश फॅरनहाइटवर, मी रॉड गुंडाळतो. गरम पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो: १० अंशांना लिटरमागे सुमारे ११ मिलिग्रॅम, तर २० अंशांना सुमारे ९. त्याच वेळी माशाची प्राणवायूची गरज वाढलेली असते. अशा पाण्यात झुंजून दमलेला मासा पोहत गेलेला दिसला, तरी नंतर मरू शकतो.

१५. मासा इजा न करता कसा सोडावा? स्पिनरला तर तीन टोकांचा गळ असतो.

घरूनच तो बदलून एकेरी गळ लावावा आणि त्याचा उलटा दात पकडीने दाबून सपाट करावा. मासे थोडे अधिक निसटतील, पण तंगूस ताठ ठेवले तर फारसे नाहीत. पाच इंचांच्या माशाला तीन टोके लागली, की एक डोळ्यात आणि एक कल्ल्यात जाते, हे मी पाहिले आहे आणि त्यानंतर तो गळ वापरलेला नाही. मासा पाण्याबाहेर काढण्याची गरज नसते. हात ओला करून त्याला पाण्यातच धरावे, पकडीने गळ उलटा फिरवावा आणि तो आपोआप निघून जातो. कोरड्या हाताने त्याच्या अंगावरचा चिकट थर निघतो, आणि तोच थर त्याला बुरशीपासून वाचवतो. छायाचित्र हवेच असेल, तर आधी कॅमेरा तयार ठेवावा आणि आपण श्वास रोखू शकतो त्यापेक्षा कमी वेळ त्याला वर उचलावे.

१६. सोडूनच द्यायचा, तर पकडायचा कशाला? आणि एखादा घरी आणून तळला तर पाप आहे का?

हा प्रश्न घरातल्या ज्येष्ठांकडून येतो आणि तो मी गांभीर्याने घेतो. पकडण्याने माशाला त्रास होतो, हे नाकारून उत्तर देता येणार नाही. मी त्रास शक्य तितका कमी करतो, आणि त्याबदल्यात ओढ्यावर लक्ष ठेवतो: कोठे माती घसरली, कोठे पाणी तापले, कोठे मासे दिसेनासे झाले. एकोणिसाव्या शतकात या डोंगरांवरचे पाइन आणि हेमलॉक जवळजवळ पूर्ण तोडले गेले. हेमलॉकची साल चामडे कमावण्यासाठी जात असे. सावली गेल्यावर पाणी तापले आणि ब्रुक ट्राउट वरच्या झऱ्यांपुरता उरला. जंगल परत वाढले, तसा तो परत आला. या ओढ्यांसाठी बोलणारे लोक बहुतांशी तेथे जाणारेच असतात.

नियमित हंगामात नियमानुसार मासा ठेवणे गैर नाही. पण सात इंचांचा जंगली ब्रुक बहुधा अंडी घालण्याच्या वयाचा असतो, त्याचे आयुष्य तीन-चार वर्षांचेच असते, आणि लहान ओढ्यात अशा माशांची संख्या फार नसते. खायचा असेल तर सोडलेल्या माशांच्या प्रवाहावर जाऊन आणावा, असे मी सुचवतो. राज्याचा सर्वसाधारण सल्ला असा आहे की मौजेसाठी पकडलेला मासा आठवड्यातून एका जेवणापुरताच, सुमारे अर्धा पौंड, खावा.

१७. ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या पावसानंतर मोठे मासे उथळ पाण्यात एकत्र दिसले. त्यांच्यावर स्पिनर टाकावा का?

नाही. ते अंडी घालत आहेत. मादी शेपटीने खडे उलटून घरटे करते, आणि ते आजूबाजूच्या काळपट तळात ताटाएवढ्या, धुतल्यासारख्या उजळ ठिगळासारखे दिसते. नर या वेळी स्पिनरवर रागाने धावतो, त्यामुळे पकडणे सोपे असते, आणि म्हणूनच ते टाळावे. अंडी हिवाळाभर खड्यांत राहतात आणि पिल्ले वसंतात बाहेर पडतात. म्हणून ऑक्टोबरपासून एप्रिलपर्यंत खड्यांच्या स्वच्छ पट्ट्यांवर पाय ठेवू नये. काठाने चालावे, आणि ओलांडायचे झाल्यास मोठ्या दगडांवरून ओलांडावे. याच काळात खोल डोहात, घरट्यांपासून दूर मासेमारी करणारे आहेत. मी त्या सहा-सात आठवड्यांत रॉड घरी ठेवून केवळ पाहायला जातो.

१८. कोणते धोके लक्षात ठेवावेत?

विजेचा आवाज आला की रॉड खाली ठेवून मोकळ्या पाण्यापासून दूर जावे, कारण कार्बनचा रॉड वीज वाहून नेतो. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास थांबावे. वर उगमाकडे ढग काळे असतील, तर आपल्यावर ऊन असले तरी दोन उंच भिंतींमधल्या अरुंद भागात शिरू नये. चढलेल्या पाण्यात मांडीपेक्षा खोल उतरू नये.

त्याहून रोजचा धोका गोचिडीचा आहे. लाइम रोगाचे रुग्ण सर्वाधिक असलेल्या राज्यांत पेनसिल्वेनिया आहे, आणि मे ते जुलै या काळातली लहान गोचीड खसखशीच्या दाण्याएवढी असते. पँट मोज्यात खोचावी, कपड्यांवर परमेथ्रिन फवारावे, आणि घरी आल्यावर काखा, गुडघ्यामागची बाजू व केसांची मुळे तपासावीत. दगडांच्या उन्हात रॅटलस्नेक असतो, म्हणून न पाहता दगडावर हात ठेवू नये. फोनला बहुतेक खोऱ्यांत रेंज नसते. कोणत्या ओढ्यावर जात आहोत आणि किती वाजता परतणार आहोत, हे घरी लिहून ठेवावे.

१९. पाऊस झाला, पाणी निवळले, झाडीही दाट आहे, तरी एका ओढ्यात एकही मासा दिसला नाही. माझे काय चुकले?

कदाचित काहीच नाही. तळाचे दगड नारिंगी रंगाने माखलेले असतील, तर वर कोठेतरी जुनी कोळशाची खाण आहे आणि तिच्यातून आम्लयुक्त, लोहमिश्रित पाणी झिरपत आहे. सिनेमाहोनिंगच्या बेनेट शाखेने हे अनेक दशके सोसले, आणि शुद्धीकरणाच्या कामांनंतर तेथे मासे परतू लागले. नारिंगी रंग नसतानाही पाणी आम्ल असू शकते. येथील वालुकाश्माच्या डोंगरांत आम्ल शमवणारा चुना फारसा नसतो, त्यामुळे जोरदार पावसानंतर किंवा बर्फ वितळताना काही तास-दिवस आम्लता वाढते आणि मातीतले ॲल्युमिनियम पाण्यात उतरून माशांच्या कल्ल्यांना बाधते. ब्राउनपेक्षा ब्रुक हे अधिक सहन करतो, म्हणूनच अशा काही ओढ्यांत केवळ ब्रुकच उरलेला आढळतो, आणि काहींत तोही नाही.

अशा ओढ्यावर दगड उलटून पाहावा. त्याखाली मेफ्लाय या कीटकाच्या अळ्या सरपटत असतील, तर पाणी जिवंत आहे आणि मासा बहुधा तुमच्या चाहुलीने लपला होता, तेव्हा पुढच्या पावसानंतर अधिक दबकत जावे. दगडाखाली काहीच नसेल, तर ओढ्याचे नाव आणि तारीख वहीत लिहून ठेवावी, शेजारच्या खोऱ्यात जावे, आणि दोन-चार वर्षांनी पुन्हा एकदा तोच दगड उलटून पाहावा.